न मोडलेली काडी

मी, आदिनाथ सटवा गडदे, वय ५४, धंदा ऐतिहासिक पोशाख शिवणे, राहणार घाटनांदूर, ता. अंबाजोगाई, जि. बीड, कोणाच्याही दबावाविना, शुद्धीवर असताना आणि वकिलांसमोर चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवून दाखवून हे मृत्युपत्र लिहितो. तब्येत ठणठणीत आहे, मरायची घाई नाही. पण माझ्या मागे पोशाखात कोणी चुकीची काडी घालू नये, म्हणून आत्ताच लिहिलेले बरे.

१. राहते घर पत्नी सौ. मंगल हिला. तीस वर्षे तिने अंथरुणात टाचण्या सोसल्या.

२. वडिलांची लोकर कातरायची कात्री थोरले बंधू अर्जुनराव यांना. “मेंढरं सोडून सुई कामून धरली रे?” असे वडील म्हणाले होते. मला कोणी शिकवले नाही. बँडवाल्याचा जुना कोट उसवून शिकलो आणि याच कात्रीने पहिला अंगरखा बेतला. हे भावकीत सांगण्याच्या अटीवर कात्री द्यावी.

३. काड्यांचा फळा कन्या ऋतुजा हिला. काडी म्हणजे कापड ताठ राहावे म्हणून अस्तरात शिवायची पट्टी. (गाव म्हणते, गडदे लोकांत काड्या घालतो. म्हणू द्या.) फळ्यावर नमुने क्रमाने ठोकले आहेत. खराट्याचा हीर: एका प्रयोगात मोडतो. बांबूची कामट: चिलखताच्या छातीला चांगली, पण तासून घ्यावी. छत्रीची काडी: गंजते. खोक्याची पॅकिंग पट्टी: दुकानदार फुकट देतात, दुहेरी करून लहान पोरांच्या अंगरख्याला घालावी. सर्वांत उत्तम रुंद केबल टाय: डोके कापावे, टोक मेणबत्तीवर गोल करावे, अस्तरात शिवलेल्या तिच्या घरापेक्षा ~~अर्धे~~ एक बोट आखूड ठेवावी. वाकवून सोडली की सरळ झाली पाहिजे. महागडी पोलादी काडी ऑनलाइन मागवल्यास फळा परत घ्यावा.

४. दुकान. येथे मेहुणा सोमनाथ याचा विषय निघतो. सहा वर्षांपूर्वी शाळेच्या नाटकातील फिरंगी मडमेच्या झग्यात त्याने मला न विचारता बांधकामाची तार घातली. दुसऱ्या अंकात मडम खुर्चीवर बसली आणि इंग्रजीऐवजी “आगं आयाई!” म्हणाली. मी भर दुकानात ओरडलो, “तुझा-माझा काडीमोड!” आणि हाताला आली ती काडी मोडायला घेतली. ती माझीच केबल टाय निघाली. दोनदा वाकवली, दोनदा सरळ झाली. गिऱ्हाईक हसले. सोमनाथ म्हणाला, “दाजी, मोडंना की ओ!” त्या हसण्यामुळे मी सहा वर्षे त्याच्याशी बोललो नाही. तारेमुळे नव्हे.

५. ऋतुजा बेतते, शिवते. पण नटाच्या अंगावर पोशाख बसवण्याचा हात फक्त सोमनाथला आहे. तिने स्पष्ट सांगितले आहे, “आबा, मामा न्हाई तर दुकान न्हाई. मी कुलूप लावीन.” सबब, काडी मोडली नसल्याने काडीमोड झालाच नाही असे मी जाहीर करतो. दुकान, दोन्ही मशिनी व एकशे बारा पोशाख ऋतुजा व सोमनाथ यांना निम्मे-निम्मे. तार दुकानात आणू नये.

सोमनाथला साक्षीदार म्हणून बोलावले होते. निमित्ताशिवाय बोलवायची मला लाज वाटत होती. त्याने सगळे वाचले, नाक पुसले आणि म्हणाला, “दाजी, कलम तीन चुकलंय. अर्धं बोट ठिवलं तर टोक भायेर येतं. एक बोट पायजे.”

मोजून पाहिले. त्याचे बरोबर आहे. कलम ३ मधील खोडाखोड माझ्या हातची आहे.

ठिकाण: अंबाजोगाई
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

सही: आदिनाथ सटवा गडदे

साक्षीदार:
१. प्रविण मोहनराव चाटे
२. ~~सोमनाथ त्रिंबक देवकते~~ (ज्याला हिस्सा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले.)
२. मनिषा प्रविण चाटे