दंडारीतली बहीण

भाऊबीज, १९७८

काल गावच्या दंडारीत, रात्रीच्या लोकनाट्यात, मी लुगडं नेसून रुसलेली बहीण झालो. आज शेजारच्या करडी गावचे म्हातारे सोमाजी नवं हिरवं लुगडं घेऊन दारात हजर. त्यांना बहीण नाही.

"मास्तर, ते तुमीच होते, मले समजते. पण तिनं 'दादा' म्हणून हाक मारली, मंग घरी बसवलं नाही. ओवाळता का?"

गावभर टोमणे मारणारा मी उंबऱ्यातच अडलो. यांची बहीण कोण, मी की कालचं लुगडं?

बायको म्हणाली, "कायले थांबून राहिले? ताट तयार हाये."

ओवाळलं. हिरवं लुगडं माझ्या मांडीवर ठेवून सोमाजी म्हणाले, "माहेरी कधी येशीन वं, बाई?"

मी रविवार सांगून बसलोय.