मुद्दा क्रमांक सात

६ जानेवारी, सकाळी ७
नवी वही. हिला परदेशातल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी पक्की झाली. बारा तारखेला ती पुढे जाणार, मी आणि लेक मागाहून, फॅमिली व्हिसावर. ही म्हणाली, आपली फाइल तुमच्या वकीलबाईंनाच करू दे. मला हसूच आलं. वकीलबाईंच्या ऑफिसात परदेशी जाणाऱ्यांच्या फाइली चौदा वर्षं तपासतोय कोण? भिंतीवरची एक्केचाळीस मुद्द्यांची यादी टाइप केली कोणी? काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?
संकल्प : फाइल स्वतः करायची. तिकडच्या भाषेचे रोज दहा शब्द पाठ करायचे. पोट कमी.

१२ जानेवारी
हिला विमानतळावर सोडून आलो. रडलो वगैरे नाही. लेक म्हणाली, बाबा, चष्मा पुसा. तिथे एसी फार होता.
जाताना हिने तीन गोष्टी बजावल्या. गॅस बंद करत जा, पोरीवर ओरडू नका, फाइल महिनाभरात टाका. पहिल्या दोन ठीक. तिसरी मला शिकवायची गरज नव्हती.

१९ जानेवारी
ऑफिसात एक सुतार आला. तिकडच्या फर्निचर कारखान्यात काम मिळालंय, बायको-मुलाला न्यायचंय. मुलगा परवाच अठराचा झालेला! मी उठून भिंतीवरच्या यादीत बोट ठेवून मुद्दा क्रमांक सात मोठ्याने वाचून दाखवला : व्हिसा ऑफिसच्या खिडकीवर अर्ज घेतला जाईल त्या दिवशी मूल अठराच्या आत हवं. सुतार म्हणाला, साहेब, दोनच दिवस झालेत. मी म्हटलं, कायद्याला काका-मामा नसतात.
त्याला स्टुडंट व्हिसाची वाट सांगितली. वर्ष तरी जाईल. तो माझ्या टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. पोटच्या पोराचं वय लक्षात राहत नाही म्हणजे कमाल आहे. घरी आल्यावर लेकीला सांगितलं. ती म्हणाली, बिचारा. मी म्हटलं, बेफिकीर.
शब्द : दहा.

२ फेब्रुवारी
दाखले आले, भाषांतरं आली, नोटरी झाली. लग्नाच्या दाखल्यावर शिक्का तिरका बसलाय. परत पाठवला. वकीलबाई म्हणाल्या, तिरका चालतो. त्यांना चालत असेल.
शब्द : चार.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी
महिना झाला. फाइल तशी तयार आहे, पण नुसती तयार असून भागत नाही, दिसायलाही हवी. मुद्द्यागणिक कागदाच्या कडेला चिकटवायचे रंगीत टॅब आणले. एक्केचाळीस.
हिचा फोन. आवाज बसलेला. म्हणाली, इथे जेवताना समोर कोणी नसतं, म्हणून मी ओट्याशी उभ्यानेच खाते. मी म्हटलं, सर्दीवर गरम पाणी पी. लेक फोन घेऊन आत गेली, ती बराच वेळ आलीच नाही. मी टॅब लावत बसलो. तीन वाकडे लागले. ही गेल्यापासून घर खायला उठतं. हे वहीपुरतंच.

२० फेब्रुवारी
वकीलबाईंनी जाता जाता विचारलं, मुलगी केवढी हो तुमची? सतरा, मी ताठ मानेने सांगितलं. मग फाइल टाकून मोकळे व्हा, म्हणाल्या. साहेब लोकांना सगळ्याचीच घाई. मी त्यांना टॅब दाखवले. त्या टॅबकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिल्या. थक्क झाल्या असाव्यात.

५ मार्च
सुचलं! अंघोळ करताना सुचलं. सतरा एप्रिलला लेकीचा वाढदिवस. अठरावा! त्या दिवशी तिला काहीही न सांगता खिडकीवर घेऊन जायचं आणि फाइल तिच्याच हाताने द्यायला लावायची. बापाकडून याहून मोठी भेट कोणती? पोरीला आईपाशी नेतोय.
ही गोष्ट कुणालाच सांगायची नाही. हिला नाही, वकीलबाईंना तर नाहीच. सांगितलं की त्यात चार जण नाक खुपसणार.

१८ मार्च
व्हिसाच्या साइटवर अर्ज द्यायची वेळ घ्यावी लागते. सव्वीस मार्च मिळत होती. मी ती सोडून सतरा एप्रिल घेतली. साइटने विचारलं, तुम्हाला खात्री आहे का? मला! हो वर टिचकी मारली.
ही फोनवर चिडली. अजून कसली वाट बघताय, म्हणाली. मी गालातल्या गालात हसलो. ती म्हणाली, हसताय काय. मी म्हटलं, कळेल. तिने फोन ठेवला. बिचारीला काय कल्पना!

२ एप्रिल
लेक म्हणाली, इथल्या कॉलेजच्या फॉर्मची आज शेवटची तारीख आहे, भरून ठेवू का? मी म्हटलं, ज्या गावाला राहायचंच नाही तिथे कशाला? ती म्हणाली, बाबा, नक्की ना? मी म्हटलं, चौदा वर्षं. तिने फॉर्म मिटून ठेवला. पटलं तिला.
शब्द : दोन. खिडकी आणि उद्या.

१६ एप्रिल
लेकीची कॉट शेजारणीला देऊन टाकली. लेक आता जमिनीवर गादी घालते. पुस्तकांची खोकी बांधली. तिने प्रत्येक खोक्यावर आईचा तिकडचा पत्ता लिहिला, अक्षर फार सुंदर. मी उगाचच दोनदा वाचला.
झोप येत नाहीये. आनंदानेच असणार.

१७ एप्रिल, सकाळी ६
आला दिवस! फाइल कापडी पिशवीत. माझा इस्त्रीचा शर्ट. लेक उठलेली नाही. उठली की म्हणेन, चल, तुझा केक एका खिडकीत ठेवलाय.

१७ एप्रिल, दुपारी ३
खिडकीतल्या बाईंनी माझे कागद घेतले. टॅबचं कौतुकही केलं. मग लेकीचा जन्मदाखला वाचला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि लेकीकडे बघून हसल्या. हॅपी बर्थडे म्हणाल्या. मी थँक्यू म्हटलं. मग त्यांनी तिचा अर्ज बाजूला काढून परत दिला. आज अठरा पूर्ण झाली, म्हणाल्या, आज नाही घेता येणार. काल आला असता तर चाललं असतं.
मी म्हटलं, मॅडम, मी या कामात चौदा वर्षं आहे. त्या म्हणाल्या, मग तुम्हाला माहीतच असेल.
मला माहीत होतं.
माझा अर्जही परत मागून घेतला. तिला इथे एकटी ठेवून कुठे जाऊ?
बसस्टॉपवर लेकीने विचारलं, हे सरप्राइज होतं का बाबा? मी हो म्हटलं. तिने पिशवी माझ्या हातून घेतली. जड आहे, म्हणाली.

१८ एप्रिल
काही नाही.

१९ एप्रिल
हिला सगळं सांगितलं, सव्वीस मार्चसकट. ओरडली असती तर बरं होतं. एवढंच म्हणाली, सव्वीस मार्च मिळत होती ना? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मी आता ड्यूटीवर जाते.
साइटचा दोष आहे. खात्री आहे का असं मोघम विचारतात. कशाची, ते सांगत नाहीत.
नाही. साइटचा दोष नाही.

२० एप्रिल
कॉलेजात जाऊन आलो. प्रवेशाची यादी बंद झालीय. तिथल्या क्लार्कला म्हटलं, अठराच दिवस झालेत हो. तो म्हणाला, तारीख म्हणजे तारीख. टेबल साधंच होतं, प्लायचं. माझा अंगठा किती वेळ त्याच्या कडेवरून फिरत होता, कळलंच नाही.

२३ एप्रिल
लेकीने परस्पर वकीलबाईंना फोन केला होता. स्टुडंट व्हिसाची फाइल. वर्षभराचं काम. घरच्या माणसाची फाइल कर्मचाऱ्याने तपासायची नाही हा ऑफिसचा नियम, तोही मीच टाइप केलेला. म्हणून आज माझ्या टेबलावर नवी टायपिस्ट, आणि मी लेकीबरोबर अशिलांच्या बाकावर.
बाकावर आधीच सुतार आणि त्याचा मुलगा बसले होते.
टायपिस्ट भिंतीवरच्या यादीपाशी उभी राहून एकेक मुद्दा विचारत होती. सातव्याला ती अडखळली आणि माझ्याकडे बघून आठव्यावर जायला लागली. लेकच म्हणाली, सात राहिला. लिहा, अठरा वर्षं सहा दिवस.
सुताराने हळूच विचारलं, साहेब, तुमचं किती दिवसांनी हुकलं? मी म्हटलं, एकाही दिवसाने नाही. त्याच दिवशी गेलो, मुद्दाम.
त्याला आता काहीही बोलता आलं असतं. माझंच वाक्य मला ऐकवता आलं असतं. तो फक्त मुलाला म्हणाला, सरक रे, साहेबांना नीट बसू दे.
बसलो.