घरच्या गाडीची तपासणी

डहाणू,
१२ जानेवारी २०२५

चि. विष्णूस मनोरमाताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलता येत नाही. हे पुढच्या खोलीत निजलेले असतात, दीप्ती आतबाहेर करत असते, आणि मला जे सांगायचंय ते दोघांच्याही कानावर जायला नको. म्हणून पत्र. तुला वाचायचा कंटाळा, ठाऊक आहे. चौथीत माझ्याकडून धडा वाचून घेऊन गुरुजींना पाठ म्हणून दाखवायचास.

यांच्या पक्षाघाताला उद्या दोन महिने होतील. हात खांद्यापर्यंत उचलतात. चहा, पाणी, माझं नाव, एवढंच बोलता येतं. पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते, पाऊण तास आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. ते वाक्य दीप्तीच्या डोक्यातून जात नाही. विवळवेढ्याहून देवीचं दर्शन घेऊन दोघंच येताना यांचं तोंड वाकडं झालं, पोरीने व्हॅन दामटली, आणि गंजाडच्या पुढे ती बंद पडली ती पडलीच. टेम्पो मिळेपर्यंत चाळीस मिनिटं गेली.

व्हॅन तलासरीला तुझ्या गॅरेजवर नेल्यावर तू सांगितलंस, पेट्रोलमध्ये कचरा होता. विष्णू, ते पेट्रोल आदल्या दिवशी दीप्तीनेच टपरीवरून बाटलीने घेतलं होतं, पंपावर रांग होती म्हणून. तेव्हापासून ती व्हॅनला हात लावत नाही. आरोग्य उपकेंद्रावर लसीकरणाच्या कामाला रिक्षाने जाते, उरलेला रस्ता लशींचा डबा खांद्याला अडकवून चालते. परवा म्हणाली, आई, बाबांची वाचा मी घालवली. तू मामा आहेस, गाडीतलं तुला कळतं. तिची समजूत घाल.

सुषमाला आणि तुला जोडीने आशीर्वाद. तुझा खोकला कसा आहे? माझी माया आहेच, तूही त्या मायेला जागत जा.

तुझी ताई

*

तलासरी,
१७ जानेवारी

ती. ताईस विष्णूचा सा. न. वि. वि.

पत्र पोचून तीन दिवस झाले. तीनदा फोन लावला आणि जेवलीस का एवढंच विचारून ठेवला.

ताई, पेट्रोलमध्ये काहीच नव्हतं. मी खोटं बोललो.

गाडी बंद पडली त्याच्या दहा दिवस आधी भाऊजी ती तपासायला घेऊन आले होते. मी प्लग काढले, घासले, फट मोजली, ठिणगी पाहिली. निळी, कडक होती. कॉइल म्हणजे बॅटरीचा करंट वाढवून प्लगला ठिणगी देते ती. तिला मीटर लावला, आकडा बरोबर आला. पण हे सगळं थंड इंजिनावर. जुनी कॉइल थंडीत शहाणी असते, तापली की आतली तार सुटते आणि ठिणगी मरते. म्हणून गाडी अर्धा तास चालवून, तापवून पुन्हा तपासायची असते. हे मला पंचवीस वर्षं ठाऊक आहे. पण उंबरगावच्या एका शेठची मोठी गाडी दारात उभी होती, तिला हात घालायची मला घाई झाली. घरची गाडी, घरचं काम, पुढच्या वेळी बघू म्हटलं. भाऊजींना सांगितलं, ठणठणीत आहे, बिनधास्त फिरा.

व्हॅन इकडे आणली तेव्हा पहिल्या चावीला सुरू झाली. मी तिच्याशेजारी स्टूल टाकून बसलो. पंचविसाव्या मिनिटाला बंद पडली. ठिणगी नाही. मीटर लावला तर आकडाच नाही. मी नवी कॉइल बसवली, जुनी भंगारात सगळ्यात खाली सारली, आणि तुला फोन करून पेट्रोलचं सुचलं ते ठोकून दिलं. ते दीप्तीवर जाईल हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर खरं बोललो असतो का, तेही सांगता येत नाही.

हे पत्र तिला दाखव. लोभ मागायला तोंड नाही.

विष्णू

*

डहाणू,
२३ जानेवारी

विष्णू,

पत्र दीप्तीला दिलं. तिने उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. बाहेर आल्यावर दोन पोळ्या खाल्ल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा मागून घेतलं.

मग यांनाही वाचून दाखवलं. त्यांच्यापासून का लपवायचं? ते ऐकत होते, डोळे मिटून. संपल्यावर ओठ हलवायला लागले. मला वाटलं पाणी हवंय. बराच वेळ लागला, पण शब्द एकेक करून नीट आले. म्हणाले, मी सांगितलं होतं त्याला.

दुखण्यानंतरचं हे त्यांचं पहिलं अख्खं वाक्य. काय सांगितलं होतं, ते त्यांना पुढे बोलता येईना. तू तुझ्या पत्रात लिहिलेलं नाहीस. एवढी उघडी पाटी करूनही एक ओळ हाताखाली झाकलीस?

मला उत्तर नको. दीप्तीला लिही.

मनोरमा

*

तलासरी,
२७ जानेवारी

चि. दीप्तीस मामाचे आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर.

हो, बाबांनी सांगितलं होतं. गाडी तापली की मध्येच झटका देते, एवढं बघ विष्णू, असं म्हणाले होते. मी बोनेट आपटून म्हटलं, भाऊजी, तुम्ही रेल्वेची तिकिटं फाडलीत, इंजिन आमच्याकडे राहू द्या. ते हसले. हसून गेले. ते हसणं मला कागदावर आणवलं नाही.

तुझ्या हातून काही चुकलं नाही. अडलेल्या गाडीत बापाचं डोकं मांडीवर धरून तू चाळीस मिनिटं खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करत राहिलीस. चूक आधीच माझ्या गॅरेजात झाली होती.

येत्या रविवारी येतो. तुझ्यासमोर गाडी तापवून तपासतो. आईला नको असेल तर अंगणातूनच परत जाईन.

मामा

*

डहाणू,
४ फेब्रुवारी

ती. विष्णूमामास दीप्तीचा नमस्कार.

रविवारी तू आलास, बोललास ते सगळं गाडीशीच. चाळीस मिनिटं इंजिन चालू ठेवलंस. मग मीटर माझ्या हातात देऊन आकडे मला वाचायला लावलेस. प्लगच्या टोकाशी ठिणगी उडाली तेव्हा मी दचकले, तू मात्र मान खाली घातलीस. नंतर ओट्यापर्यंत आलास, चपला काढल्यास आणि पुन्हा घालून निघून गेलास. मी खिडकीतून पाहिलं. आईनेही पाहिलं.

काल मी एकटी व्हॅन घेऊन उपकेंद्रावर गेले आणि आले. जाताना घामाने हात स्टिअरिंगवरून घसरत होते. येताना जरा कमी. एका बाळंतिणीला तिच्या पाड्यावर सोडलंही.

तुला माफ केलं का, ते मला अजून कळत नाही. राग येतो, मग त्या चाळीस मिनिटांचं ओझं माझ्यावर नाही हे आठवतं, आणि तेही तुझ्याच पत्रामुळे. दोन्ही एकदम असतं.

आई तुझं नाव घेत नाही. पण आज भाजी निवडताना म्हणाली, त्याला लिही, पुन्हा यायचं असेल तर दुपारी चारला ये, तेव्हा हे जागे असतात. अंगणातून पळायचं नाही. यांच्यासमोर खुर्चीवर बसायचं, आणि हे जे बोलतील ते, कितीही वेळ लागो, मध्ये न बोलता ऐकायचं.

मामींना नमस्कार. आपलं नातं तुटलं नाही एवढं धरून ये.

तुझी दीप्ती