चौथी बोअर

१४ जानेवारी
सकाळी रीडिंग शहरातून साइटवर. कचरा पुरायची जुनी जागा, इथे 'टिप' म्हणतात, बंद होऊन वर्षं झाली. आता वर गवत, मेंढ्या. ठाऊक नसेल तर कुणीही टेकडीच म्हणेल. आमच्या कंपनीचं काम एवढंच: भोवतीच्या बोअरमधून पाणी उपसायचं, बाटल्या भरायच्या, लॅबला पाठवायच्या. बाकीच्या ठीक. कुंपणाजवळच्या चौथीचं पाणी पिवळट, वर फेस, गोठ्यासारखा वास. गेल्या वेळी नव्हता.

कुंपणापलीकडे मॉरीनचं घर. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. माझी गारठलेली बोटं बघून चहाला बोलावलं. अर्धा कप झाल्यावर सुचलं, पाणी कुठलं? म्हणाल्या, घरच्याच विहिरीचं, सार्वजनिक नळाची लाइन इथवर कधी आलीच नाही.
उरलेला चहा तसाच ठेवून उठले. सांगताही आलं नाही.

२३ जानेवारी
लॅबचे आकडे आले. चौथीत अमोनिया बराच वर, म्हणजे टिपमधली घाण झिरपत असणार. ग्रॅहमचं म्हणणं, पाइपचं तोंड फुटलं असेल, शेतातलं पाणी आत गेलं असेल. बॉस आहे, हे काम मला त्यानेच शिकवलं. म्हणून परत जाऊन बघितलं. तोंड धड आहे. पुन्हा सँपल घेतलं.

२ फेब्रु.
दुसरं सँपल तसंच. आणि ग्रॅहमने केलेल्या रिपोर्टच्या ड्राफ्टमध्ये चौथी गायब. कारण काय, तर 'कुलूप गोठल्याने उघडता आली नाही'. खाली माझं नाव. जागामालकाला, म्हणजे आमच्या क्लायंटला, लगतची जमीन घरांसाठी विकायचीय हे माहीत होतं. पण इतकं...

आत जाऊन म्हटलं, "चौथी परत घाल, नाहीतर माझं नाव काढ."
तो खिडकीबाहेर बघत बोलला. क्लायंट जुना आहे, पुढच्या फेरीत बघू. मग हळूच, तुझा व्हिसा कंपनीच्या नावावर आहे हे विसरू नकोस. धमकी की काळजी, अजून कळलेलं नाही.

३ फेब्रु.
निखिलला सांगितलं. तोही माझ्याच व्हिसावर इथे. माझी नोकरी गेली तर नवरा-बायको दोघांनी गाशा गुंडाळायचा. बराच वेळ भांडी घासत राहिला. मग विचारलं, तू प्यायलीस ना तो चहा?

आईला फोनवर थोडंच सांगणार होते, सगळंच सांगून बसले. वाटलं, जपून राहा म्हणेल. ती म्हणाली, "माझे आजोबा महाडला तळ्यावर गेले ते नोकरी विचारून नाही गेले."

५ फेब्रु.
मॉरीनना सांगून आले. तुमची विहीर अजून तपासलेली नाही, पण तपासेपर्यंत ते पाणी नको, उकळूनही नको. घाबरतील असं वाटलं होतं. चिडल्या, त्याही माझ्यावर. नवरा जन्मभर हेच प्यायला, तो हार्टने गेला, पाण्याने नाही. "माझ्या घरात बसून माझ्या पाण्याला नावं ठेवू नकोस." दार लावून घेतलं.

पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट पायरीवर ठेवला, वर चिठ्ठीत माझा नंबर. गाडीत रडू आलं. रागाचंच जास्त.

६ फेब्रु.
कौन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ खात्याला फोन केला. स्वतःचं नाव देऊन. नंतर ग्रॅहमलाही सांगितलं, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं. लॅपटॉप, साइटच्या किल्ल्या जमा. सस्पेंड. क्लायंटची माहिती बाहेर दिली म्हणून हिअरिंग.
एचआरची मुलगी चांगली आहे बिचारी. लेखी माफी मागितलीस तर निभावेल म्हणाली. माफी कशाची? पाणी वाईट आहे हे बोलल्याची? नाही मागणार.

१२ फेब्रु.
कौन्सिलची बाई मॉरीनच्या नळाचं सँपल घ्यायला आली. मी रस्त्यावरच उभी. मॉरीन दारात येऊन म्हणाल्या, आत का येत नाहीस. सांगितलं, कामावरून बाजूला केलंय, सोमवारी हिअरिंग आहे. तुमच्याशी बोलल्याबद्दल. त्या तशाच आत गेल्या. त्या बाईला विहीर कुठे, टाकी कुठे, सगळं दाखवत होत्या, तेवढं ऐकू आलं.

१५ फेब्रु.
रिझल्ट नाही. उद्या हिअरिंग. माफी का मागणार नाही, ते उत्तर निखिल माझ्याकडून पाठ करून घेतोय, मी मध्येच भडकते म्हणून.

संध्याकाळी मॉरीनचा फोन. किती वाजता आहे? म्हटलं, ऑफिसचं आतलं काम आहे, बाहेरच्यांना बसू देत नाहीत.
"मग बाहेर बसेन. ट्रेन कोणती धरू ते सांग."
विचारलं, आणि तुमचं पाणी चांगलं निघालं तर?
"तर तुला चांगले चार शब्द ऐकवीन. पण तू मला सांगायलाच नको होतंस असं म्हणणाऱ्यांची तोंडं मला बघायचीत."
ट्रेन सांगितली.