उलटी हाक

रविवार, बोरी बुद्रुक

काविळीच्या विषाणूतला डीएनएचा एक तुकडा चमक देणाऱ्या जनुकाशेजारी माझ्या हातून उलटा जोडला गेला, हे प्रयोगशाळेत अजून कुणाला सांगितलेलं नाही. तरी यकृताच्या पेशी चमकल्या आणि कातडीच्या पेशी अंधारातच राहिल्या. तुकडा उलटाही चालतो, हे वाचलेलं होतं. पण आपलीच चूक म्हटल्यावर विश्वास बसतो का?

सकाळी आईला सांगितलं, हा तुकडा म्हणजे जनुकाचा स्विच. मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "आन् दाबतं कोण?"

दिवसभर तेच डोक्यात.

संध्याकाळी आईनं बांधाकडं पाठ करूनच आमच्या गायीला, चंद्रीला हाक मारली. लांब बांधावर चरणारी चंद्री निघून आली. शेजारची गाय ढिम्म.

"तुझं तोंड तर तिकडं होतं!"

"ती मला वळखती. मंग तोंड कुठं का असंना."

म्हणजे दाबणारं कुणी नाहीच! यकृताच्या पेशीतली प्रथिनं त्या तुकड्याला ओळखतात, कातडीच्या पेशीत ती नसतात. एवढंच. उद्या सरांना उलट्या तुकड्याचं खरं सांगून टाकते. किती हलकं वाटतंय!

आई आत गेल्यावर मीही हाक मारून पाहिली, अगदी समोर उभी राहून. चंद्री वैरण खात राहिली.