ब्रोनियाला काहीही न देण्याबाबत

मी, लुडविका पाझ्दुर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, राहणार बफलो शहर, पूर्व भाग, चर्चच्या मागची गल्ली, व्यवसाय शिवणकाम आणि व्हिडिओ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. अकलेबद्दल गल्लीत दुमत आहे. जिने कॅमेरा कुत्र्याच्या पोटाला बांधून त्याला ईस्टरच्या बाजारात सोडलं, आणि त्या कुत्र्याने सणासाठी लोण्यातून घडवलेली सहा कोकरं फस्त केली, त्या बाईचं डोकं ठिकाणावर कसं, असं विचारणारे अजून हयात आहेत. त्यांच्यासाठी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

यापूर्वीचं माझं मृत्युपत्र मी कॅमेऱ्यासमोर वाचलं होतं. कॅमेरा छताच्या पंख्याला बांधलेला असल्यामुळे आमच्या वकीलबाई मर्फी यांना ते पाहताना मळमळलं, आणि तसंही ते कायद्यात बसत नाही म्हणे. ते रद्द समजावे.

१. राहतं घर शेजारीण अर्नेटा हिक्स यांना द्यावे. तळघराच्या जिन्यावरून कॅमेरा घरंगळत सोडून मी चौदा व्हिडिओ केले. दर वेळी या बाई धावत आल्या आणि म्हणाल्या, "लुडका, पडलीस की काम चाललंय?" एवढी चौकशी माझी दुसऱ्या कोणी केलेली नाही.

२. कॅमेरे, यंत्रं आणि तीनशे बारा फिती आमच्या व्हिडिओवाल्यांच्या गुरुवारच्या मंडळाला द्याव्यात. आम्ही नऊ जण होतो, आता चार उरलो आहोत, आणि चौघांनाही चष्मे आहेत. फितींबद्दल सूचना: इतक्या जुन्या फिती चिकट होतात. तशाच लावल्या तर वरचा थर खरवडून निघतो आणि सगळं कायमचं जातं. म्हणून आधी त्या मंद आचेवर आठ तास भाजाव्या लागतात. मी अळंब्या सुकवायच्या यंत्रात भाजते, तेही यंत्र सोबत द्यावे. फितींबरोबर अळंब्या ठेवू नयेत. मी एकदा ठेवल्या होत्या.

३. बँकेतली शिल्लकही मंडळालाच. त्यातून माझा दफनविधी करावा. शवपेटीला आतून कॅमेरा लावण्याबद्दल मी फादरना विचारलं होतं. ते म्हणाले, "लुडविका, तिथे हालचाल काहीच नसते." मुद्दा बरोबर असल्यामुळे तो हट्ट मी सोडत आहे.

४. १९७८ साली वर्तमानपत्रात ज्या गृहस्थांनी 'या बाईंना कॅमेरा स्थिर धरता येत नाही' असं लिहिलं, त्यांना माझा ट्रायपॉड द्यावा. एकदाही न वापरलेला, खोक्यासकट आहे.

५. माझी सख्खी धाकटी बहीण ब्रोनिया कुलिक हिला काहीही देऊ नये. घर नाही, शिवणयंत्र नाही, आईची सूप प्यायची वाटीसुद्धा नाही. हे वाचून वकीलबाईंनी चष्मा काढला.

"लुडविका, अडतीस वर्षं ती तुमच्याशी बोलत नाही. निदान वाटी तरी ठेवा तिच्या नावावर."

"एक चमचाही नाही," मी म्हणाले. कारण लिहून ठेवते.

१९७४च्या जूनमध्ये ब्रोनियाचं झिग्मुंटशी लग्न झालं. तिने मला बजावलं होतं, "सगळ्यांचे चेहरे सरळ आले पाहिजेत. तुझे चाळे नकोत." मी हो म्हणाले आणि कॅमेरा बेनेककाकांच्या अकॉर्डियनच्या सरकत्या बाजूला दोन पट्ट्यांनी आवळून बांधला. काका वाजवत होते आणि मी कॅमेऱ्याला वायरने जोडलेला रेकॉर्डर खांद्याला लावून मागे पळत होते. अर्धा तास सगळं वऱ्हाड भात्याबरोबर पुढे येतं आणि मागे जातं. ब्रोनियाने ते पाहिलं आणि महिनाभर अबोला धरला. झिग्मुंट मात्र पोट धरून हसला होता.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण तेव्हा फिती महाग असायच्या आणि आम्ही सगळेच एकाच फितीवर पुन्हा पुन्हा चित्रण करायचो. १९७६ साली मला तव्यावरच्या बर्फाच्या खड्याचं पाणी आणि पाण्याची वाफ होताना टिपायचं होतं. हाताला लागली ती फीत मी घेतली. मंडळाने उठून टाळ्या वाजवल्या.

१९८१मध्ये झिग्मुंट कारखान्यात काम करता करता कोसळला आणि गेला. महिन्याने ब्रोनिया माझ्या दारात आली आणि म्हणाली, "ती फीत दे गं. वेडीवाकडी असू दे. मला त्याला चालताना बघायचंय." मी तिला तव्यावरचा बर्फ दाखवला. दुसरं दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. ती बर्फाची वाफ होईपर्यंत बसून राहिली, मग कोट घालून गेली. मला त्या दिवसाची लाज वाटते. माफी मागण्याइतकी हिंमतही तेव्हा झाली नाही.

या ऑगस्टमध्ये तीच फीत भाजून यंत्रावर लावली. बर्फाची वाफ झाली, चित्र संपलं, आणि मी बंद करायला उठले. बर्फ सत्तावीस मिनिटांत संपला होता, फीत तीस मिनिटांची. पुढची तीन मिनिटं लग्नाचीच उरली होती, आणि बर्फ टिपल्यापासून मी तिथवर कधी पोचलेच नव्हते. त्यात झिग्मुंट नाचतो आहे. मग थांबतो, कॅमेऱ्याला नाक लावतो आणि म्हणतो, "लुडका, हे चालू आहे का? बायकोला एकदा तरी सरळ दाखव, नाहीतर ती आपल्या दोघांना घरात घेणार नाही." आणि चालत जाऊन तिला ओढून समोर आणतो.

ही फीत कलम २ मध्ये मोजलेली नाही. ती माझी नाही, म्हणून मला ती कोणाला देता येत नाही.

६. साक्षीदार. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं तो त्याचा साक्षीदार झाला तर त्याचा वाटा बुडू शकतो, असं वकीलबाई सांगतात. साक्षीदाराने मात्र माझ्या समोर, त्याच खोलीत बसलं पाहिजे. मला ब्रोनिया साक्षीदार म्हणून हवी आहे. कलम ५चं कारण एवढंच. हा मसुदा तिला टपालाने पाठवत आहे.

ब्रोनिया, तुला फसवत नाही. तू आली नाहीस तर मी सही करणार नाही. सही न करता मेले तर कायद्याने सगळं तुलाच मिळेल, घरही आणि वाटीही. आलीस तर हाती काही लागणार नाही. तुझा फायदा न येण्यात आहे. तरी ये. मला तुझी माफी मागायची आहे आणि ती मेल्यावर मागता येणार नाही.

स्थळ: माझं स्वयंपाकघर, बफलो. गुरुवार, १० ऑक्टोबर २०१९.

सही: लुडविका पाझ्दुर

साक्षीदार १: कॅथलीन मर्फी, वकील. सही माझ्यासमोर झाली. ठरलेली वेळ सकाळी दहाची होती, सही दुपारी तीनला झाली. मध्ये कोणालाही टेबलाशी बसायला सवड नव्हती.

साक्षीदार २: ब्रोनिस्लावा कुलिक. लिहून देते की माझी बहीण शुद्धीवर आहे. फीत अकरा वेळा पाहिली. तो चालतो तेव्हा डावा खांदा किंचित खाली असतो, हे मी विसरले होते.