मृत्युलेखातला शेवटचा परिच्छेद

शेफील्ड, सोमवार, ११ मार्च

प्रिय डॅड,

आता जिने चढता येत असतील. हृदयाची शस्त्रक्रिया नीट पार पडल्याचं मला तुमच्या गुरुवारच्या सदरातून कळलं. इकडे ठीक. गेल्या आठवड्यात तीन रेल्वे पूल तपासले. एका कमानीतली भेग वर्षभरात दोन मिलिमीटरने वाढली आहे. तुम्हाला असल्या गोष्टींचा कंटाळा येतो, म्हणून मुद्द्यावर येते.

तुमच्या वर्तमानपत्रातून हिलरी थ्वेट यांचा फोन आला होता. मृत्युलेखांचं काम त्या बघतात. माणूस जिवंत असतानाच त्याचा मृत्युलेख लिहून ठेवायची तिथली रीत मला तुम्हीच सांगितली होतीत. शस्त्रक्रियेच्या निमित्ताने त्यांनी तुमचा बाहेर काढला, इतकंच.

"तारखा तेवढ्या तपासून द्या हो," त्या म्हणाल्या. "तुमच्या वडिलांना एक तारीख विचारली की तासभर बोलतात, आणि तारीख सांगायची राहूनच जाते."

मला त्या आवडल्या.

शनिवारी तुमची चिठ्ठी आली: "हिलरीला काय हवं ते सांग. शेवटच्या परिच्छेदाला मात्र हात लावू नकोस, राणीसरकार."

सगळं तपासलं. तुमचा जन्म खाणकामगारांच्या वस्तीत झाला नाही, दंतवैद्याच्या घरी झाला. पहिली कादंबरी 'दुर्लक्षित' नव्हती, वाईट होती. पण तो शेरा तारखांत बसत नाही, म्हणून सोडून दिला. एकतीस वर्षं दर गुरुवारी घरगुती सदर, हे बरोबर. त्यात आई विसराळू, मी फटकळ राणीसरकार आणि तुम्ही बिचारे. आई विसराळू नव्हती. घराची किल्ली तुम्ही विसरायचात. आणि मला पहिल्यांदा पाळी आली, ते मी रविवारी आईला सांगितलं आणि गुरुवारी चार लाख लोकांनी वाचलं. शुक्रवारी मी शाळेत गेले, हेही नोंदवून ठेवा.

आता शेवटचा परिच्छेद. 'पत्नीच्या अखेरच्या क्षणी तिचा हात हातात घेऊन ते बसले होते. "मागचं दार लावलंस का?" तिने विचारलं. "लावलं गं," ते म्हणाले.' हे तुमच्या त्या वेळच्या सदरातून उचललेलं; त्यावरूनच पुढे तुमचं आईवरचं पुस्तक झालं.

आई आठ वर्षांपूर्वी एका शनिवारी सव्वाचारला गेली. तुम्ही तेव्हा समुद्रकाठच्या एका साहित्यमेळ्यात पुस्तकांवर सह्या करत होतात. हात माझा होता. पाच वाजता तुमचा फोन आला. "शेवटी काही बोलली का गं?" मी सांगितलं. पलीकडून खरखर ऐकू आली. मला वाटलं, तुम्ही रडताय. ती पेन्सिल होती. मंगळवारी दुपारी बाराच्या आत मजकूर कचेरीत पोहोचला होता.

आज सकाळी थ्वेटबाईंना फोन केला. म्हटलं, पती तिथे नव्हते.

त्या म्हणाल्या, "मग हा परिच्छेद उरतच नाही."

"नाही उरत."

"त्यांना सांगितलंय?"

"सांगते."

सांगितलं.

आणखी एक. त्या शनिवारी फोनवर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. इस्पितळात असूनही आईला ती घरीच आहे असं वाटत होतं. पूर्ण बोलणं असं: "मागचं दार लावलंस का? लावू नकोस. तो किल्ली विसरला असेल." मग चाळीस मिनिटं ती खोलीच्या दाराकडे बघत होती.

आठ वर्षं हे कुठेही छापून आलं नाही, कारण मी कुणाला सांगितलं नाही. आता ते तुमच्याजवळ आहे. पत्र उद्या सकाळी पोहोचेल. मजकूर द्यायची वेळ अजूनही दुपारी बाराचीच असेल.

गुरुवारचा अंक मी विकत घेणार आहे.

तुमची मुलगी
(जिचं नाव तुम्ही कधी छापलं नाहीत)
इमोजेन